उलथणे, क्लॅरिनेट आणि गल्ला

‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतला बराचसा विनोद एका खानावळीत घडतो. समुद्रतळावरच्या बिकिनी बॉटम या गावात क्रस्टी क्रॅब नावाचे बर्गरचे हॉटेल आहे. आत शेगडीपाशी एक पिवळा चौकोनी स्पंज उलथणे हातात धरून उभा असतो. बाहेर काउंटरवर स्क्विडवर्ड हा ऑक्टोपस तोंड वाकडे करून ऑर्डर घेतो. मिस्टर क्रॅब्ज नावाचा खेकडा मालक आहे आणि त्याची नजर सतत गल्ल्यावर असते. काम म्हणजे काय, याविषयी तिघांची मते तीन टोकांची आहेत. स्पंजबॉबला बर्गर भाजण्यात जगातले सगळे सुख सापडलेले आहे. स्क्विडवर्डचा जीव घरी ठेवलेल्या क्लॅरिनेटमध्ये अडकलेला असतो आणि नोकरी तो केवळ पोटासाठी करतो. क्रॅब्जला या दोघांचेही देणेघेणे नाही. दिवसाअखेर किती पैसे जमले एवढेच त्याला कळते. असे तिघे रोज एका छपराखाली येतात, आणि वेगळा विनोद रचावा लागत नाही.

निकलोडियन वाहिनीवर १ मे १९९९ रोजी दाखवलेल्या पहिल्या भागाचा विषयही नोकरी मिळवणे हाच आहे. स्पंजबॉब क्रस्टी क्रॅबमध्ये आचाऱ्याची जागा मागायला येतो. त्याला टाळण्यासाठी क्रॅब्ज आणि स्क्विडवर्ड मिळून त्याला एक अचाट, यंत्रासारखे उलथणे शोधून आणायला पाठवतात. असे उलथणे जगात असणारच नाही, अशी दोघांची खात्री असते. स्पंजबॉबला मात्र आपली थट्टा चालली आहे याचा पत्ताच नसतो. तो नेमके तेच उलथणे विकत आणतो, आणि तेवढ्यात हॉटेलवर तुटून पडलेल्या भुकेल्या माशांच्या झुंडीला त्याच उलथण्याने खाऊ घालतो. थट्टा करणारे दोघे जीव मुठीत धरून बसलेले असतात आणि थट्टा न कळलेला वाचवतो. पुढच्या कित्येक भागांचे बीज या काही मिनिटांत आहे.

मालिकेचे निर्माते स्टीफन हिलेनबर्ग यांच्या स्वतःच्या नोकऱ्यांचा इतिहास माहीत असेल, तर ही खानावळ कुठून आली ते समजते. त्यांचा जन्म १९६१ चा. ते कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात वाढले आणि १९८४ मध्ये हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातून पदवीधर झाले. त्यांच्या अभ्यासक्रमाचा भर सागरी संपत्तीवर होता. त्यानंतर काही वर्षे डेना पॉइंट इथल्या ऑरेंज काउंटी मरीन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मुलांना सागरी जीवशास्त्र शिकवले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांमध्ये ओहोटीला पाण्याची डबकी उरतात. त्यांत खेकडे, तारामासे, स्पंज, बारीक मासे अशी भलतीच मंडळी एकत्र अडकलेली असतात. मुलांना या जगाची गोडी लागावी म्हणून त्यांनी ‘द इंटरटायडल झोन’ नावाचे चित्रपुस्तक काढले. त्यात माहिती सांगणारा सूत्रधार बॉब नावाचा स्पंज होता. तो चौकोनी नव्हता, समुद्रात असतो तसा वेडावाकडा होता, आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून होता.

शिक्षकाच्या या कामातून पुढच्या मालिकेला प्राणी मिळाले, आणि त्याहून महत्त्वाची एक सवयही मिळाली. मुलांना शिकवणाऱ्याला प्रत्येक जिवाचे एक ठळक लक्षण आधी सांगावे लागते: हा कशाला चिकटतो, तो कशाने पळतो, याला राग कधी येतो. एकदा लक्षण मनात बसले की तो जीव पुढे कसा वागेल याचा अंदाज मुले स्वतःच बांधू लागतात. पात्रातून फुलणाऱ्या विनोदाचे कामही असेच चालते. दार उघडण्याआधी आत काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि तरीही दार उघडल्यावर तो हसतो.

दुसरी नोकरी खानावळीतली होती. हिलेनबर्ग यांनी तरुणपणी उन्हाळ्यात मेन राज्यातल्या एका सागरी खाद्यपदार्थांच्या हॉटेलात तळणीवर काम केले होते. तिथला व्यवस्थापक लाल केसांचा, आडदांड बांध्याचा आणि आधी लष्करात राहिलेला होता. त्याची बोलण्याची ढब खलाशासारखी होती. त्याच्या अंगकाठीवरून आणि बोलण्यावरून मिस्टर क्रॅब्ज घडला. कंजूषपणा मात्र त्या माणसाचा नव्हता. तो पात्राला नंतर दिला गेला. पात्ररचना शिकणाऱ्याने या तपशिलाजवळ थोडे थांबावे. खऱ्या माणसाकडून चाल, आवाज आणि दरारा घेतला, पण गोष्ट पुढे रेटायला लागणारी हाव वेगळी जोडली. नुसते हुबेहूब व्यक्तिचित्र एखाद्या भागापुरते पुरले असते. पैशाची हाव आल्यावर क्रॅब्जपाशी प्रत्येक भागात काहीतरी करण्याचे कारण तयार झाले.

हिलेनबर्ग पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये प्रायोगिक ॲनिमेशन शिकले आणि १९९२ मध्ये त्यांनी तिथली पदव्युत्तर पदवी घेतली. मग जो मरे यांच्या ‘रॉकोज मॉडर्न लाइफ’ या मालिकेत त्यांना काम मिळाले. तिथल्या एका लेखकाने त्यांचे जुने चित्रपुस्तक पाहिले आणि समुद्राखालच्या जगावर मालिका करण्याची कल्पना सुचवली. शिकवण्याचा आणि चित्रकलेचा धागा असा एकत्र आला. त्या मालिकेवर एकत्र काम केलेले कितीतरी लोक, म्हणजे डेरेक ड्रायमन, टिम हिल, निक जेनिंग्ज, आवाज देणारे टॉम केनी आणि मिस्टर लॉरेन्स, हिलेनबर्ग यांच्याबरोबर नव्या मालिकेत आले. एकमेकांच्या खोड्या, चिडण्याच्या जागा आणि हसण्याच्या जागा माहीत असलेली ही मंडळी होती. पडद्यावरची खानावळ इतकी जिवंत वाटते त्याचे एक कारण इथे आहे.

नायक घडवताना हिलेनबर्ग यांनी आधी नैसर्गिक स्पंजाचे आकार चितारून पाहिले. शेवटी भांडी घासण्याच्या चौकोनी स्पंजावर ते थांबले, कारण गोल जगात न बसणारा हा आकार त्या स्वभावाला शोभत होता. स्टॅन लॉरेल आणि जेरी लुइस यांच्यासारख्या विनोदी नटांमधला बाळबोध मोठा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. वाहिनीला मुलांच्या मालिकेचा नायक शाळेत जाणारा हवा होता. हिलेनबर्ग यांना तो नोकरी करणारा, स्वतःचे घर असलेला, मोठाच हवा होता, आणि या मुद्द्यावर ते मागे हटायला तयार नव्हते. तोडगा म्हणून स्पंजबॉबला होडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत घातले गेले. मिसेस पफ हे पात्र त्या तडजोडीतून जन्माला आले. हा निर्णय मालिकेसाठी फार मोलाचा ठरला. शाळेतल्या मुलाला वर्गमित्र नकोसे झाले तरी सुट्टी लागते. नोकरदाराला सहकारी टाळता येत नाहीत. स्क्विडवर्डचा सगळा वैताग या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

सहकाऱ्यांचे नाते आणि विनोद यांची गाठ ‘पिझ्झा डिलिव्हरी’ या १९९९ च्या भागात फार सुंदर बसली आहे. हॉटेल बंद व्हायच्या वेळी एका गिऱ्हाइकाचा पिझ्झ्यासाठी फोन येतो. तिथे पिझ्झा मिळतच नाही, पण पैसे सोडवत नाहीत म्हणून क्रॅब्ज बर्गरचाच पिझ्झा करतो आणि तो पोचवायला दोघांना पिटाळतो. वाटेत होडी हातची जाते आणि दोघांना ओसाड माळरान तुडवत पायी जावे लागते. भुकेने कासावीस झालेला स्क्विडवर्ड पिझ्झा मागतो आणि स्पंजबॉब तो गिऱ्हाइकाचा आहे म्हणून छातीशी कवटाळतो. अखेर दार सापडते. गिऱ्हाईक शीतपेय का आणले नाही म्हणून स्पंजबॉबच्या अंगावर खेकसते आणि दार आपटते. स्पंजबॉब कोसळून रडू लागतो. तेव्हा स्क्विडवर्ड पिझ्झा उचलतो, पुन्हा दार ठोठावतो, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर पिझ्झा फेकून परत येतो. सहकाऱ्याला मात्र तो सांगतो की त्या माणसाने पिझ्झा एका घासात संपवला.

या शेवटाचे बळ स्क्विडवर्ड बदलत नाही यात आहे. तो गोड बोलत नाही, मिठी मारत नाही, आपल्याला काही वाटले असे कबूल करत नाही. त्याच्यापाशी आहे ती फक्त खडूस वृत्ती, आणि आयुष्यात एकदा तो ती स्पंजबॉबच्या बाजूने वापरतो. मुलांच्या मालिकांमध्ये सहकार्याचा धडा द्यायचा म्हटला की शेवटच्या मिनिटाला भांडखोर पात्राचे मन पालटते. इथे मन पालटत नाही आणि म्हणून मैत्री खरी वाटते. बाललेखन करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग एकदा तरी बारकाईने पाहावा.

२००१ चा ‘स्क्विड ऑन स्ट्राइक’ हा भाग त्याच त्रिकुटाला दुसऱ्या अंगाने तपासतो. क्रॅब्ज नोकरांच्या हातात पगाराऐवजी त्यांनी केलेल्या फालतू गोष्टींचे बिल ठेवतो. स्क्विडवर्ड संप पुकारतो. स्पंजबॉबला संप म्हणजे काय तेच माहीत नसते, पण स्क्विडवर्ड सांगतो म्हणजे ते चांगलेच असणार, या विश्वासाने तो फलक धरून उभा राहतो. स्क्विडवर्ड जुलमी आस्थापना मोडून काढण्याची भाषा करतो. इकडे मालक आणि तो गुपचूप समझोता करतात; तिकडे भाषणाने भारावलेला स्पंजबॉब रातोरात हॉटेलची इमारत शब्दशः मोडून टाकतो. नुकसान भरून काढायला दोघांना कायमचे राबणे नशिबी येते. कुणीही वेगळा विनोद करत नाही. एकाची हाव, दुसऱ्याची बढाईखोर वाणी आणि तिसऱ्याची अढळ निष्ठा, प्रत्येक जण आपापल्या स्वभावाला धरून वागतो आणि अनर्थ आपोआप होतो.

पॅट्रिक हा तारामासा या व्यवस्थेच्या बाहेरचा आहे. तो स्पंजबॉबचा जिवलग मित्र, दगडाखाली राहणारा, बेकार. स्पंजबॉबचे अज्ञान निरागस आहे. पॅट्रिकचे अज्ञान आत्मविश्वासाने ओथंबलेले आहे. दोघे एकत्र आले की एकमेकांना चढवत नेतात, कारण थांबवणारा कुणी नसतो. खानावळीतल्या प्रसंगांत स्क्विडवर्ड लगाम असतो. पॅट्रिकबरोबर लगामच नाही. जोडी बदलली की विनोदाची जात बदलते, हे लेखकांनी फार लवकर ओळखले आणि भागांची आखणी बहुधा ‘या वेळी कुणाबरोबर कोण’ या प्रश्नावर केली.

मालिका बनवण्याची पद्धतही सांघिक होती. बऱ्याच मालिकांत आधी संवादांसह पूर्ण संहिता लिहिली जाते आणि मग चित्रकार तिची चित्रे काढतात. इथे लेखकांच्या बैठकीतून एक छोटा आराखडा तयार होई: प्रसंग कोणता, सुरुवात कुठे, अडचण काय, शेवट कसा. तो आराखडा दोन स्टोरीबोर्ड कलाकारांच्या जोडीकडे जाई. संवाद, हावभाव, थांबे, तोंडावरचा नेमका भाव हे सारे ती जोडी चित्रे काढता काढताच लिही. मग ती चित्रे भिंतीवर लावून जोडीने सगळ्या सहकाऱ्यांसमोर सर्व पात्रांचे आवाज काढत भाग सादर करायचा. खोलीतले लोक हसले तर जागा टिकली, नाही हसले तर चित्रे खाली उतरली. भाग अवघा ११ मिनिटांचा असल्याने लपायला जागा नसे.

या पद्धतीचा फायदा पात्रांना झाला. कागदावर लिहिणाऱ्याचा ओढा चमकदार वाक्याकडे असतो. चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक क्षणी ‘हा आत्ता कसा उभा असेल’ हे ठरवावे लागते. स्क्विडवर्डची अर्धी मिटलेली पापणी किंवा स्पंजबॉबच्या डोळ्यांत साचत जाणारे पाणी हे कुठल्याच संवादात लिहिता येत नाही. ॲरन स्प्रिंगर, शर्म कोहेन, पॉल टिबिट, सी. एच. ग्रीनब्लाट अशा कलाकारांचा हात ओळखू येतो, इतकी प्रत्येकाची धाटणी वेगळी आहे. आणि तरी पात्रे तीच राहतात, कारण ती सगळ्यांच्या मनात सारखी पक्की झालेली होती. ध्वनिमुद्रणही शक्यतो सर्व नटांना एका खोलीत बसवून, नभोनाट्यासारखे केले जाई. टॉम केनी, बिल फेगरबाके, रॉजर बंपस आणि क्लॅन्सी ब्राउन एकमेकांचे वाक्य ऐकून आपले वाक्य बोलत. वैतागाचा उसासा खऱ्या बडबडीच्या उत्तरादाखल आला की त्याची लय कृत्रिम होत नाही. प्रत्यक्ष हलती चित्रे सोलमधल्या रफ ड्राफ्ट कोरिया या स्टुडिओत तयार होत.

कामाच्या ठिकाणच्या गप्पाही वाया जात नसत. ड्रायमन यांच्याकडे लहानपणी एक गुप्त पेटी होती. त्यांनी ही आठवण हिलेनबर्ग यांना सांगितली आणि त्यातून ‘द सीक्रेट बॉक्स’ हा भाग निघाला. त्यात पॅट्रिककडे पेटी आहे आणि आत काय आहे हे कळावे म्हणून स्पंजबॉब तडफडतो. सहकाऱ्याची आठवण ऐकणाऱ्याला ‘मग आत होते काय?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या उत्सुकतेलाच कथानक केले गेले.

सांघिकतेवरचा या मालिकेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे ७ सप्टेंबर २००१ चा ‘बँड गीक्स’. स्क्विडवर्डचा जुना प्रतिस्पर्धी स्क्विलियम हा श्रीमंत, यशस्वी आणि उर्मट आहे. तो स्क्विडवर्डला आपल्याऐवजी एका मोठ्या स्टेडियममध्ये बँड घेऊन वाजवायला सांगतो, कारण याच्यापाशी बँड नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. स्क्विडवर्ड अहंकारापोटी होकार देतो आणि गावात जाहिरात लावतो. तालमीला येतात ते सगळे गावकरी. कुणालाच वाजवता येत नाही. मेयोनेज हे वाद्य आहे का, अशी पॅट्रिकची शंका असते. झेंडे फिरवणारे इतक्या जोरात फिरवतात की उडून जातात. चौथ्या दिवशी मारामारी होते आणि स्क्विडवर्ड हार मानून निघून जातो.

त्यानंतरचे स्पंजबॉबचे भाषण पात्रप्रधान विनोदाचा नमुना आहे. स्क्विडवर्डने आपल्यासाठी काय केले आहे, हे तो एकेकाला विचारतो. तुमच्या मुलाला आगीतून कुणी वाचवले? अग्निशमन दलाच्या जवानाने. तुमचे हृदय बंद पडले तेव्हा कोण धावले? रुग्णवाहिकेतला कुणीतरी माणूस. स्क्विडवर्डने कुणासाठी काहीच केलेले नाही, हे उघड होत जाते. भाषण तिथेच कोसळायला हवे. पण स्पंजबॉबचा तर्क वेगळाच. तो म्हणतो, मग आज आपण सगळे स्क्विडवर्डला तो जवान किंवा रुग्णवाहिकेतला माणूस समजू या. आणि गावकऱ्यांना हे पटते. हा विनोद दुसऱ्या कुठल्याही पात्राच्या तोंडी निव्वळ टोमणा झाला असता. स्पंजबॉब मनापासून बोलतो, म्हणून त्यात एक खरी गोष्टही येते: ज्याने आपल्यासाठी काही केले नाही त्याच्याही पाठीशी उभे राहता येते.

तालीम कशी झाली ते भागात दाखवलेले नाही. प्रेक्षक थेट स्टेडियममध्ये पोचतो आणि फजितीची वाट पाहू लागतो. म्हणजे तो स्क्विडवर्डच्याच खुर्चीत बसलेला असतो. मग बँड ‘स्वीट व्हिक्टरी’ हे दणदणीत रॉक गाणे सुरू करतो. संगीतसंग्रहातून निवडलेल्या या गाण्याचा आवाज डेव्हिड ग्लेन आयझ्ली यांचा आहे. स्क्विलियमचे डोळे विस्फारतात आणि कधी न हसणारा स्क्विडवर्ड आनंदाने हवेत उडी मारतो. हिलेनबर्ग यांच्या निधनानंतर हे गाणे अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात वाजावे म्हणून चाहत्यांनी मागणी केली आणि तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. फेब्रुवारी २०१९ च्या सामन्यात स्क्विडवर्डचे ओझरते दर्शन झाले, गाणे मात्र वाजले नाही. २०२४ मध्ये निकलोडियनने सुपर बोलचे मुलांसाठी जे वेगळे प्रक्षेपण केले, त्याची सुरुवात या गाण्याने झाली.

तिसऱ्या पर्वानंतर २००४ मध्ये चित्रपट आला. मालिका तिथेच संपावी असे हिलेनबर्ग यांना वाटत होते. वाहिनीने ती चालू ठेवली, तेव्हा त्यांनी दैनंदिन सूत्रे पॉल टिबिट यांच्याकडे सोपवली. पुढे मधल्या काही पर्वांत स्क्विडवर्डला विनाकारण दुखापत होणारे आणि क्रॅब्जला निव्वळ क्रूर दाखवणारे भाग आले. ते फिके वाटतात, कारण त्यांत स्वभाव ताणून त्याचे व्यंगचित्र झाले आहे. सुरुवातीच्या भागांत क्रॅब्जला पश्चात्ताप होत असे आणि स्क्विडवर्डच्या चिडण्याला कारण असे. हिलेनबर्ग काही वर्षांनी पुन्हा मालिकेच्या कामात लक्ष घालू लागले. २०१७ मध्ये त्यांनी आपल्याला एएलएस हा चेतापेशींचा असाध्य आजार झाल्याचे जाहीर केले आणि २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्या सहकाऱ्यांनी मालिका सुरू ठेवली आहे.

घरातल्या मुलांबरोबर ही मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी पहिल्या तीन पर्वांपासून सुरुवात करावी. आधी नोकरी मिळण्याचा पहिला भाग, मग ‘पिझ्झा डिलिव्हरी’, मग ‘स्क्विड ऑन स्ट्राइक’ आणि त्यानंतर ‘बँड गीक्स’ हा क्रम चांगला. ‘बँड गीक्स’ शेवटी ठेवावा, कारण त्याची मजा येण्यासाठी स्क्विडवर्ड आधी पुरेसा ओळखीचा झालेला असावा लागतो.